पेवा घरात वाढवायचा तर: बेळगाव सीमाभागातल्या हवामानासाठी लावणीपासून नवी रोपं करण्यापर्यंत

घरात लावलेला पेवा, म्हणजे नर्सरीतलं ‘स्पायरल जिंजर’, मरतो तो बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत, आणि पाणी कमी पडून नव्हे, जास्त होऊन. पानं पिवळी पडायला लागली की घरातली माणसं घाबरतात. तांब्याभर पाणी जास्तीचं घालतात, चार दिवसांनी पुन्हा घालतात, आणि मातीखाली विश्रांतीला गेलेला गड्डा तिकडं कुजत राहतो. मे महिन्यात कुंडी उकरली की हाताला काळा, वास मारणारा चिखल तेवढा लागतो.

पेवा हे आपल्याच पावसाचं झाड आहे. मिरगाच्या आगेमागे कोंब काढायचा, आषाढ-श्रावणात वाढायचं, श्रावण-भाद्रपदात फुलायचं आणि दिवाळीनंतर आटोपतं घ्यायचं, हा त्याचा क्रम. परदेशी माहितीत मार्च आला की वसंत आला, खतपाणी वाढवा, असं सांगितलेलं असतं. आपल्याकडं मार्च-एप्रिल हे कडक उन्हाचे, कोरडे महिने. तो सल्ला जसाच्या तसा उचलला तर झाड अवेळी जागं होतं, कोवळा कोंब उन्हाच्या झळांनी करपतो आणि पावसाळा येईपर्यंत गड्ड्यातली ताकद संपलेली असते. म्हणून या लेखातली कामं मी आपल्या ऋतूंप्रमाणेच लावली आहेत.

कोणता पेवा आणायचा

नर्सरीत ‘स्पायरल जिंजर’ म्हणून विचारलं तर तीन-चार वेगवेगळी झाडं दाखवतात. सगळ्यांची एक खूण सारखी. पानं दांड्याला दोन बाजूंनी समोरासमोर येत नाहीत. एकच ओळ दांड्याभोवती गोल फिरत वर जाते आणि दांडाही तिच्याबरोबर पिळा घेतो. ही झाडं पूर्वी आल्याच्या कुळातच मोजायचे, १९४१ साली त्यांचं कुळ वेगळं केलं. पान चुरगळून पाहिलं तर आल्या-हळदीचा उग्र वास येत नाही. रोप घेताना ही परीक्षा जरूर करावी, कारण आल्याच्या जातीची दुसरी झाडंही याच नावाखाली विकली जातात.

पहिला आपला रानातला पेवा. हेलेनिया स्पेसिओसा हे त्याचं आजचं शास्त्रीय नाव, जुन्या पुस्तकांत कॉस्टस स्पेसिओसस असं सापडेल. पावसाळ्यात खानापूरहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडं जाताना रस्त्याच्या कडेला लाल कणसावर, म्हणजे दांड्याच्या शेंड्याला येणाऱ्या खवलेदार तुऱ्यावर, मोठं पांढरं, पातळ फूल दिसतं ते याचं. जमिनीत हा माणसाच्या डोक्यावर जातो. मोठ्या कुंडीत चार-पाच फुटांपर्यंत राहतो. हिवाळ्यात वरून पूर्ण वाळतो. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचा याचाच एक प्रकार मिळतो. तो सावकाश वाढतो, आणि घरात ठेवायला मला तोच जास्त आवडतो.

दुसरं ‘इन्शुलिनचं झाड’, म्हणजे कॅमेकॉस्टस कस्पिडेटस. हे मूळचं ब्राझीलचं, पण आज आपल्याकडं दर दोन घरांआड कुंडीत दिसतं. उंची गुडघ्याच्या थोडी वर, फूल केशरी. पहिल्यांदाच लावत असाल तर इथूनच सुरुवात करा. कांडीपासून सगळ्यात लवकर फुटतं आणि छोट्या चुका सोसतं. मात्र याची पानं मधुमेहावर खायची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. या पानांवरचं बरंचसं संशोधन प्राण्यांवर झालेलं आहे. औषधाच्या गोळ्या चालू असताना वर पानंही खाल्ली तर साखर एकदम उतरू शकते, आणि पानांच्या भरवशावर गोळ्या बंद करणं तर धोक्याचंच. खायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसतं झाड म्हणूनही ते ठेवण्याजोगं आहे.

तिसरं ‘रेड बटन जिंजर’, कॉस्टस वुडसोनी. मध्य अमेरिकेकडचं. लालभडक, गुळगुळीत कणीस महिनोन्‌महिने टिकतं आणि त्यातून पिवळट केशरी फुलं एकेक करून डोकावतात. याला ऊन आणि उबारा जास्त लागतो. चौथं, कॉस्टस मालोर्टिएनस, रुंद पानांवर गडद हिरवे पट्टे असलेलं. ते सावलीत सगळ्यात चांगलं राहतं. जुन्या कौलारू घरात, जिथं सोप्यात उजेड कमी असतो, तिथं हेच लावा. आपल्या नर्सरीत ते क्वचितच येतं, तेव्हा दिसलं की घेऊन टाका.

रोप घेताना फुलाकडं न बघता दांड्याच्या बुडाशी बघा. दांडा अंगठ्यानं दाबला तर कडक लागला पाहिजे, आणि शेजारी निदान एक नवा कोंब मातीतून वर आलेला असावा. मातीला कुबट वास येत असेल तर कितीही स्वस्तात देत असले तरी घेऊ नका.

जागा

पूर्वेची खिडकी सगळ्यात उत्तम. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर लख्ख उजेड एवढं मिळालं की बहुतेक जाती फुलावर येतात. पश्चिमेची खिडकी असेल तर फेब्रुवारी ते मे पातळ पडदा लावा, नाहीतर पानांवर पांढुरके चट्टे उठतात. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आत खोलवर येतं. थंडीत रेड बटन आणि इन्शुलिनच्या कुंड्या तिथं सरकवायला ती जागा फार उपयोगी. उत्तरेच्या खिडकीत मे ते जुलै थोडं ऊन येतं, कारण आपल्या अक्षांशावर त्या दिवसांत दुपारचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेला असतो. पण वर्षभर तिथंच ठेवलेलं झाड उंच, किरकोळ होतं आणि फुलत नाही.

आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरी फिरवा. पेव्याचे दांडे उजेडाकडं इतके झुकतात की महिनाभरात कुंडी एका अंगाला कलंडायला लागते.

थंडीचं म्हणाल तर बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथं चांगलाच गारठा पडतो. या झाडांना १८ ते ३० अंश तापमान मानवतं, १२-१३च्या खाली वाढ थांबते. घरात सहसा एवढं उतरत नाही, पण शहाबादी फरशी रात्री फार गार पडते. कुंडी सरळ फरशीवर न ठेवता फळीच्या तुकड्यावर किंवा पाटावर ठेवा. मुळांना यानं खरोखर फरक पडतो.

अथणी, रायबाग, गोकाककडच्या वाचकांची अडचण थंडीपेक्षा कोरड्या हवेची. तिकडं फेब्रुवारीपासूनच पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागतात. पसरट ताटलीत खडे घाला, खड्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि कुंडी खड्यांवर ठेवा. कुंडीचं बूड पाण्याला टेकता कामा नये. चार-पाच झाडं एकमेकांना खेटून ठेवली तरी त्यांच्यामधली हवा दमट राहते. पंख्याच्या आणि कूलरच्या झोतात मात्र कुठलाच पेवा टिकत नाही. उजेड चांगला असेल तर न्हाणीची खिडकी ही उन्हाळ्यातली सगळ्यात सुखाची जागा.

कुंडी आणि माती

पेव्याचा गड्डा खाली जात नाही, आडवा पसरतो. म्हणून खोल कुंडीपेक्षा पसरट घ्या. रानातल्या पेव्याला बारा ते चौदा इंच व्यासाची, इन्शुलिनला आठ ते दहा इंचांची पुरते. मातीची कुंडी खानापूर-बेळगावच्या पावसाळी दमटपणात बरी, कारण तिच्यातून पाणी झिरपून जातं. अथणीकडं तीच कुंडी उन्हाळ्यात पाण्याला पुरत नाही, तिथं प्लॅस्टिकची घ्या. कुंडीला बुडाशी निदान तीन भोकं हवीत.

निपाणी, चिकोडी, अथणीच्या पट्ट्यातली काळी माती कुंडीत वापरू नका. शेतात ती कितीही सोन्यासारखी पिकवत असली तरी कुंडीत पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. बेळगाव-खानापूरची तांबडी माती चांगली, पण एकटी वापरली तर दोन पावसाळ्यांत घट्ट बसते. माझं मिश्रण असं: तांबडी माती दोन वाटे, कुजलेला पालापाचोळा किंवा गांडूळ खत दोन वाटे, भिजवून पिळलेलं कोकोपिट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक वाटा आणि भाताचं तूस एक वाटा. तूस आपल्याकडं भाताच्या गिरणीत पोतंभर सहज मिळतं. ते ओलं करून आठ-दहा दिवस ठेवून मग मिसळा, कारण ताजं तूस कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी दिसतात. शेणखत घालायचं तर वर्षभर जुनं, भुसभुशीत झालेलंच. शेणी जाळलेली राख मिश्रणात मिसळू नका. पेव्याला किंचित आंबट माती लागते आणि राखेनं माती उलट्या बाजूला जाते.

मिश्रण बरोबर जमलं का ते बघायला ओलसर माती मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर लगेच फुटला पाहिजे. फुटत नसेल तर आणखी तूस घाला.

लावायची वेळ रोहिणी ते आर्द्रा, म्हणजे मेअखेर ते जूनअखेर. नर्सरीची काळी पिशवी बाजूनं कापा, ओढून काढू नका. आतली माती बहुधा चिकट, विटेसारखी घट्ट बसवलेली असते. तो गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवून बाहेरचा थर हातानं सोडवा. कुंडीच्या भोकांवर खापरीचे तुकडे ठेवा, निम्मं मिश्रण भरा आणि गड्डा वरून दोन बोटं मातीखाली राहील असा ठेवा. यापेक्षा खोल गेला तर कोंब वर यायला उशीर होतो आणि बुडाशी कूज धरते. कुंडी काठोकाठ न भरता वर दोन इंच मोकळे ठेवा, पुढं पालापाचोळ्याचं आच्छादन घालायला लागतात. पहिलं पाणी भोकांतून बाहेर येईपर्यंत द्या आणि आठवडाभर थेट ऊन टाळा.

वर्षाचं पाणी

मेअखेरीला, वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की विश्रांतीतल्या गड्ड्याला पहिलं पूर्ण पाणी द्यायचं. नंतर कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवायची. कोंब चार बोटं वर आला की पाणी वाढवा. जून ते सप्टेंबर माती कधीच पूर्ण सुकू देऊ नका, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणीही साचू देऊ नका.

इथं एक गोष्ट विसरली जाते. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, घरातली हवा ओलीचिंब असते, आणि आतल्या कुंडीतलं पाणी उडतच नाही. त्या दिवसांत घड्याळ लावून पाणी घालू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. टोकाला ओल लागली तर थांबा, सुकं लागलं तर पाणी द्या. जमेल तर या दोन महिन्यांत कुंडी पडवीत किंवा गॅलरीत काढा. पावसाच्या हवेत पेवा जो तजेला धरतो, तो घरात येत नाही. फक्त पागोळ्यांच्या धारेखाली ठेवू नका. धारेनं माती उखडते आणि कोवळा कोंब मोडतो.

नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवून वापरावं. बोअरचं पाणी जड असेल तर पानांची टोकं करपतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर त्यासारखं दुसरं नाही.

खत जून ते सप्टेंबर याच काळात. महिन्याला मूठभर गांडूळ खत पुरतं. विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) घालायचं तर लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही ओल्या मातीवर. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो, कणीस येत नाही.

ऑक्टोबरपासून पाणी टप्प्याटप्प्यानं कमी करा. रानातल्या पेव्याची खालची पानं दिवाळीच्या सुमाराला पिवळी पडायला लागतात. ती पडू द्या. हिरवी पानं कापू नका, त्यांच्यातलं अन्न गड्ड्यात उतरत असतं. दांडा पूर्ण वाळला की मातीपासून दोन बोटं वर कापा आणि कुंडी कोपऱ्यात, कॉटखाली कुठंही ठेवा. आता उजेडाची गरज नाही. जानेवारी ते मे, दोन-तीन आठवड्यांतून एकदा कपभर पाणी, गड्डा सुरकुतू नये एवढ्यापुरतं. बस्स. अथणीकडच्या उन्हाळ्यात तेच पंधरवड्याला एक कप करा.

इन्शुलिन, रेड बटन आणि मालोर्टिएनस वरून वाळत नाहीत. त्यांची फक्त गती मंदावते. थंडीत त्यांना वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी द्यायचं आणि खत बंद.

कांडीपासून नवी रोपं

नवी रोपं करायची ही माझी आवडती पद्धत. गड्ड्याला हात न लावता रोपं मिळतात आणि मूळ झाड जागचं हलत नाही.

फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो अजून हिरवा आणि कडक असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बुडाजवळून कापायचा. थंडी पडायच्या आत कांडी फुटायला हवी, म्हणून उशीर करू नका. इन्शुलिन आणि रेड बटनचे दांडे मे-जूनमध्येही घेता येतात, आणि तेव्हा ते जास्त लवकर फुटतात.

दांड्यावर पानाच्या बुडाची नळी घट्ट बसलेली असते. पान धरून ती नळी उभी चिरत खाली सोलली की आतला दांडा ओलसर, गुळगुळीत, कधी लालसर झाक असलेला दिसतो. प्रत्येक पेरावर एक आडवी कड असते, आणि तिच्या वर, पान जिथं होतं तिथं, चपटा छोटा फुगवटा असतो. तो डोळा. एक-दोन पेरं नीट सोलून तो पाहून घ्या, म्हणजे पुढं कापताना सुरी त्याच्यावर जाणार नाही. ज्यांनी उसाची लावण केली आहे त्यांना वेगळं शिकवायला नको, टिपरीचंच काम आहे हे.

दांड्याचे तीन-चार डोळ्यांचे, साधारण वीतभर लांबीचे तुकडे करा. शेंड्याचा कोवळा भाग आणि बुडाचा लाकडी झालेला भाग सोडून द्या. सुरी आधी स्पिरिटनं पुसून घ्या. कापलेली टोकं सावलीत एक दिवस सुकू द्या. तोवर ट्रेमध्ये किंवा आडव्या कापलेल्या कॅनमध्ये निम्मं कोकोपिट आणि निम्मी धुतलेली जाड वाळू भरा. कांडी आडवी ठेवून निम्मी दाबा, वरची बाजू उघडी राहू द्या. डोळे शक्यतो बाजूला यावेत, अगदी खाली नकोत.

वर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी सैल ताणा. ट्रे उबदार, उजेडाच्या पण उन्हाच्या नसलेल्या जागी ठेवा. दर दोन दिवसांनी पिशवी उघडून हवा द्या. पाणी ओतायचं नाही, फवाऱ्यानं शिंपडायचं. चार ते आठ आठवड्यांत डोळ्यातून हिरवा टोकदार कोंब येतो आणि त्याच्याच बुडाशी पांढरी मुळं फुटतात. मधेच कांडी उचलून मुळं आली का बघायचा मोह आवरा, कोवळी मुळं तिथंच तुटतात. कोंबाला तीन-चार पानं आली की जुन्या कांडीचा तेवढा तुकडा बरोबर ठेवून वेगळं काढा आणि सहा इंची कुंडीत लावा.

एखादी कांडी मऊ पडली, पाणी सुटलं, तर ती ताबडतोब बाहेर काढा आणि आजूबाजूचं कोकोपिटही बदला. शेजारच्या कांड्या वाचवायचा तोच उपाय.

इन्शुलिनसाठी एवढा खटाटोपही नको. पाच-सहा इंचांचा शेंडा कापून, खालची पानं काढून, काचेच्या ग्लासात दोन पेरं बुडतील एवढ्या पाण्यात उभा करा. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. मुळं बोटाच्या एका पेराएवढी झाली की मातीत लावा. पाण्यात फार दिवस ठेवलेली मुळं मातीत रुळायला कुरकुर करतात.

काही जातींत फुलून गेलेल्या कणसाच्या पाठीमागून किंवा झुकलेल्या दांड्यावरून आपोआपच छोटं रोप निघतं. ते दिसलं तर नशीब समजा. त्याला दोन पानं आणि बुडाशी मुळांचे पांढरे टोक दिसले की हलक्या हातानं पिळून सोडवा आणि लावा.

गड्डा फोडून

रानातल्या पेव्यासाठी ही खात्रीची रीत, आणि वेळ एकच: मे, कोंब हलायच्या आधी. तिसऱ्या वर्षी कुंडी भरली की तसंही हे काम करावंच लागतं.

आठवडाभर पाणी बंद ठेवा म्हणजे माती सुटते. कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा, माती झाडा, गड्डा पाण्यात धुवा. धुतल्यावर आडवी, गाठीगाठींची, तपकिरी सालीची फांदी दिसते. तिच्या टोकांना फिकट गुलाबी-पांढरे डोळे असतात. जुने, पोकळ वाटणारे भाग बाजूला ठेवा. प्रत्येक तुकड्याला निदान दोन जिवंत डोळे आणि थोडी मुळं राहतील असे काप करा. नखानं साल किंचित खरवडली तर आत पांढरट, घट्ट गर दिसला पाहिजे. तपकिरी डाग असेल तर तो भाग पूर्ण कापून टाका.

कापलेल्या जागी हळद किंवा राख नुसती चोळा. इथं राख चालते, ती मातीत मिसळायची नसते एवढंच. कूज आधी झालेली असेल तर तांब्याचं बुरशीनाशक पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात लावा. दोन दिवस सावलीत, वर्तमानपत्रावर सुकवा आणि मग दोन बोटं खोल, डोळे वर किंवा बाजूला करून आडवे लावा. पाणी अगदी बेताचं. मिरगाचा पाऊस बाहेर सुरू झाला की आतले कोंबही हलतात.

हे गड्डे रानातून खणून आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यातून झाडं काढून नेणं हा गुन्हा आहे. बाहेरच्या जंगलातही पेव्याचे गड्डे औषधी द्रव्यासाठी खणले जातात, त्यात आपली भर नको. कुणाच्या परड्यात, बांधावर पेवा असेल तर मालकाला विचारून फुलून गेलेला एक दांडा मागा. दहा रोपं त्यातून होतात आणि मागच्या झाडाचं काही बिघडत नाही.

बियांपासूनही पेवा होतो. लाल बोंड फुटलं की आत पांढऱ्या गराला चिकटलेल्या काळ्या बिया असतात. गर धुऊन काढा, बिया ताज्याच पेरा, वरून मातीचा पातळ थर द्या. फुलायला दोन-तीन वर्षं जातात. हौस असेल तरच.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

पानं लांबीत गुंडाळली जात असतील तर तहान किंवा कोरडी हवा. कडा तपकिरी झाल्या तर कोरडी हवा, जड पाणी किंवा जास्तीचं खत. पावसाळ्यात खालचं एखादं पान पिवळं होणं नेहमीचं आहे, पण एकदम सगळी पानं पिवळी पडून दांडा बुडाशी मऊ झाला तर ती कंदकूज. तेव्हा वाट बघू नका. त्याच दिवशी कुंडीतून काढा, कुजलेला भाग कापा, उरलेला गड्डा सुकवा आणि नव्या मातीत लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

लाल कणसावर मुंग्या फिरताना दिसतात. कणसाच्या खवल्यांवरच गोड रस सुटतो, त्यासाठी त्या येतात आणि झाडाला त्रास देत नाहीत. पण त्याच मुंग्या दांड्यावर, पानाच्या नळीत ये-जा करत असतील तर नळी थोडी उघडून बघा. आत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण आहे. कापूस स्पिरिटमध्ये भिजवून एकेक पुंजका पुसा. नंतर लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. निपाणीकडं घरात तंबाखू असतोच, म्हणून त्याचा काढा फवारायची जुनी सवय आहे. घरातल्या झाडावर तो नको. निकोटिन विषारी असतं, लहान मुलं आणि मांजरं पानांना हात-तोंड लावतात.

उन्हाळ्यात पानाच्या मागं बारीक जाळी आणि वरून पिवळट ठिपके दिसले तर लाल कोळी. न्हाणीत नेऊन पानांच्या दोन्ही बाजू पाण्याच्या धारेनं धुवा. दर चार दिवसांनी असं तीनदा केलं की बहुतेक वेळा औषध लागत नाही. पावसाळ्यात कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडतात, ती माती जास्त ओली असल्याची खूण. वरची दोन बोटं माती सुकू द्या. गॅलरीतल्या कुंडीला रात्री गोगलगायी येतात आणि कोवळा कोंब एका रात्रीत फस्त करतात. टॉर्च घेऊन वेचून काढणं हाच खात्रीचा उपाय.

झाड निरोगी आहे पण फुलत नाही, अशी तक्रार बहुतेकांची असते. कारण जवळजवळ नेहमी उजेड कमी हेच असतं. दुसरं कारण, दांडे फार लवकर कापलेले. फूल एकच दिवस टिकतं, पण कणसातून रोज किंवा एक-दोन दिवसांआड नवं येत राहतं. म्हणून पहिलं फूल गळलं की दांडा कापायची घाई करू नका.

गड्डे दुसऱ्या गावी पाठवायचे असतील तर

फाल्गुन-चैत्रात, गड्डा पूर्ण विश्रांतीत असताना पाठवा. माती झाडून, न धुता, वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळा आणि कापडी पिशवीत घाला. प्लॅस्टिकमध्ये बांधला तर प्रवासातच घाम धरून कुजतो. असा सुका गड्डा सावलीत तीन-चार आठवडे सहज राहतो. प्रत्येक पुडीवर जात आणि काढल्याची तारीख पेननं लिहा. वाळलेले गड्डे वरून सगळे सारखेच दिसतात, आणि रेड बटन समजून रानातल्या पेव्याला सहा इंची कुंडी दिली तर श्रावणात ती फुटते.